पासवर्ड बरोबर आहे, तरी संगणक म्हणतो चुकीचा! (आणि घरच्या खात्यांची एकूण व्यवस्था)

सांजवारा (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे. फोनवरून टंकते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

घरात संगणक एकच, विंडोज ११. त्यावर 'घर' नावाचं एकच खातं. मी, बाबा, धाकटा भाऊ, सगळे त्यातच. पासवर्ड चार अक्षरी, पाहुण्यांनाही पाठ असलेला. गेल्या आठवड्यात मैत्रिणीचं ईमेल खातं कुणीतरी बळकावलं आणि तिच्या नावाने ओळखीतल्या सगळ्यांना पैसे मागणारे निरोप गेले. ते बघून मला एकदम जोर चढला. काल रात्री बसून ऐसपैस नवा पासवर्ड ठेवला. तीन सुरक्षा प्रश्नही भरले. खरी उत्तरं देऊ नयेत असं कुठंसं वाचलं होतं, म्हणून तोंडाला येईल ते ठोकून दिलं. काय ठोकलं ते आता आठवत नाही.

आज सकाळपासून तो पासवर्ड चुकीचा. मला तो नीट आठवतो, शिवाय कागदावर लिहिलाय. सारखा चुकतोय म्हणून संगणकाने मध्ये काही मिनिटं मला बाहेरच बसवलं. बाबा शेजारी उभे राहून "आधीचा काय वाईट होता?" असं दर पाच मिनिटांनी विचारताहेत.

आत कसं शिरायचं? आणि शिरल्यावर नेमकं काय काय नीट करायचं? दुसरा प्रश्न सावकाश सोडवा, पहिला आत्ता.

टकटक

कॅप्स लॉक बघितलं का? पासवर्डमध्ये आकडे असतील आणि ते उजवीकडच्या पॅडवरून टाकत असाल तर नम लॉकही बघा. पासवर्डच्या चौकटीत उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं. टंकून झालं की ते दाबून धरा, काय उमटलंय ते दिसेल.

दहा चुका आणि दहा मिनिटं शिक्षा हा विंडोज ११ चा आताचा नियमच आहे. तेव्हा हाणामारी करू नका, एकेक शक्यता तपासा.

सांजवारा

डोळा दाबून पाहिलं. अक्षर न् अक्षर बरोबर आहे, कागदाशी ताडून बघितलं. तरी 'चुकीचा'.

कळफलक

सांजवारा ताई, एक विचारतो. काल पासवर्ड *ठेवताना* कळफलक कुठल्या भाषेत होता?

का विचारतोय ते सांगतो. ठेवताना आपल्याला फक्त टिंबं दिसतात. मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची कळमांडणी) चालू असेल तर बोटं इंग्रजी टंकतात आणि आत देवनागरी जाते. उदाहरणार्थ, इंग्रजीत 'कमल' लिहायला आपण के, ए, एम, ए, एल अशा पाच कळा दाबतो. इनस्क्रिप्टवर त्याच पाच कळांनी 'कोसोत' उमटतं. के वर क, ए वर ओकाराची मात्रा, एम वर स, एल वर त. पासवर्ड दोनदा विचारतात ना, तिथे दोन्ही वेळा 'कोसोत'च गेलं, जुळलं, संगणक खूश. आज तुम्ही त्याला 'कमल' सांगताय.

लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेची खूण असते. ती बदलून मराठी करा (विंडोजची कळ आणि स्पेसबारनेही बदलते) आणि डोळे मिटून काल दाबल्या त्याच कळा दाबा.

सांजवारा

शिरले!!!!

काल पासवर्ड बदलायच्या आधी बाबांचं एक पत्र मराठीत टंकत होते. ते झालं आणि तशीच सेटिंगमध्ये गेले. कळफलक, तुम्हाला साष्टांग. डोळा दाबल्यावर जे काय दिसलं ते वाचून भाऊ अजून हसतोय. एका ओळीत तीन हलन्त आणि चार मात्रा, आधाराला अक्षरच नाही.

टकटक

हे भारी होतं. मी तर 'फॉरमॅट मारा' लिहायच्या बेतात होतो.

रात्रपाळी

'फॉरमॅट मारा' हा सल्ला देणाऱ्यांनीच आमची रोजीरोटी चालवली आहे. 🙂

ताई, आता आत आहात तर आधी दोन कामं. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, तिथे 'पासवर्ड बदला' आहे, आणि बदलताना भाषेच्या खुणेकडे बघा. मग सुरक्षा प्रश्नांची उत्तरं नव्याने भरा. खोटी द्या, पण लिहून ठेवा. खोटी उत्तरं चांगली खरी, कारण पहिल्या शाळेचं नाव निम्म्या नातेवाइकांना माहीत असतं. पण ते उत्तर म्हणजे दुसरा पासवर्डच आहे आणि त्याला पासवर्डसारखंच जपावं लागतं.

बाकीचं रात्री लिहितो.

जुनाजाणता

मी गेली कित्येक वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला सगळे पासवर्ड बदलतो. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आजवर काही झालेलं नाही. हल्लीच्या लोकांना शिस्त नको असते.

रात्रपाळी

काका, राग मानू नका, पण खरं सांगा. गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा यात फरक शेवटच्या आकड्याचाच ना?

तुम्ही पाळता तो नियम अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये वृत्तपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवी आवृत्ती काढली. ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको, चिन्ह-आकड्यांची सक्ती नको, लांबी हवी, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड नाकारावा. बदलायचा कधी, तर फुटल्याचा संशय आला की. तेव्हा मात्र लगेच, उद्यावर न ढकलता.

जुनाजाणता

फरक शेवटच्या आकड्याचाच आहे. तुम्हाला कसं कळलं?

रात्रपाळी

सगळ्यांचा तिथेच असतो. चोरांनाही ते ठाऊक आहे, म्हणून त्यांची अवजारं शेवटचा आकडाच आधी फिरवून बघतात.

शब्दवेल्हाळ

लांबीचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती पद्धत. १९९५ मध्ये आर्नल्ड रेनहोल्ड यांनी 'डाइसवेअर' मांडलं. ७,७७६ शब्दांची यादी, पाच फाशांचे आकडे टाकून एकेक शब्द निवडायचा. ७,७७६ का, तर सहाचा पाचवा घात. शब्द मनाने निवडायचे नाहीत, फाशांनीच निवडायचे, सगळी मेख तिथे आहे. माणूस मनाने निवडतो तेव्हा 'सूर्य'नंतर 'चंद्र'च येतो.

असे चार शब्द घेतले की किती जोड्या होतात? आपल्या जुन्या मोजणीत (अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध) साडेतीन 'अंत्य'हून जास्त. पाचव्या शब्दाला परार्धही मागे पडतो. लहानपणी ही मोजणी पाठ करताना वाटायचं, हिचा उपयोग काय. झाला एकदाचा.

मी यादी मराठी शब्दांची बनवली आहे, पण लिहिते रोमनमध्ये, कारण वर काय झालं ते आपण पाहिलंच. त्यात एक खड्डा आहे. 'पाऊस' रोमनमध्ये किमान चार तऱ्हांनी लिहिता येतो. एक ए की दोन, यू की ओ दोनदा? आज एक सुचतं, सहा महिन्यांनी दुसरं. म्हणून ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं तेवढेच शब्द मी यादीत ठेवले. नदी, टोपी, बटन, खिडकीला फाटा.

मीठमिरची

पण असे किती पाठ करायचे? माझी खातीच साठाच्या वर आहेत.

शब्दवेल्हाळ

पाठ तीनच. संगणकात शिरायचा, मुख्य ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा. बाकीचे मॅनेजरने बनवायचे, त्यानेच लक्षात ठेवायचे. मला माझ्या बँकेचा पासवर्ड माहीत नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

रात्रपाळी

+१. त्या तिघांतही ईमेल सगळ्यांत वरचं. बाकी प्रत्येक खात्याचा 'पासवर्ड विसरलात?'चा दुवा तिथेच येतो. ते गेलं की साठही गेली.

एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका हे का सांगतात, तर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही साध्या मजकुरात, जसेच्या तसे. सगळ्यांत जास्त जणांचा होता १२३४५६. ती यादी आजही फोडाफोडीच्या अवजारांबरोबर फिरते. एका जागेहून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी दुसऱ्या हजार जागी लावून बघणं हे यंत्राचं काम आहे, त्याला कंटाळा येत नाही. आपला पासवर्ड अशा यादीत आहे का ते ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर बघता येतं. ते २०१३ पासून चालू आहे.

मीठमिरची

म्हणजे माझा पासवर्ड मी परक्या संकेतस्थळावर टाकून विचारायचं की हा सुरक्षित आहे का? छान!

रात्रपाळी

शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर सुंदर आहे. पासवर्ड तिकडे जातच नाही. तुमचाच ब्राउझर त्याचा ४० चिन्हांचा ठसा (गणिताने काढलेली खूण, जिच्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही) काढतो आणि त्यातली पहिली ५ चिन्हं पाठवतो. तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे सगळे ठसे येतात, शेकड्यांनी. त्यात तुमचा आहे का हे तुमच्याच संगणकावर ताडलं जातं. समोरच्याला कळतच नाही की तुम्ही त्यातला कुठला शोधत होता. तरी मन धजत नसेल तर बरेच पासवर्ड मॅनेजर ही तपासणी स्वतःच करतात.

गोंधळी

मूळ विषयाकडे येऊन माझी फजिती सांगतो, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. आमच्याकडे दोन खाती, माझं अ‍ॅडमिन आणि वडिलांचं साधं, दोन्ही लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेली. (अ‍ॅडमिन म्हणजे ज्याला इतरांची खातीही बदलता येतात ते.) वडील पासवर्ड विसरले. मी शूरपणे माझ्या खात्यातून त्यांचा पासवर्ड रीसेट केला. काहीतरी इशारा आला होता, न वाचता ओके केलं. वडील आत गेले, फायली जागच्या जागी, सगळे खूश. मग त्यांनी ब्राउझर उघडला, तर साठवलेले सगळे पासवर्ड गायब. वर्षानुवर्षं 'लक्षात ठेवू का?' ला 'हो' म्हणून जमवलेले.

रात्रपाळी

हे महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर.

पासवर्ड *बदलणं* आणि *रीसेट करणं* दिसायला सारखं, पण आत फार वेगळं. विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची एक गुप्त पेटी असते असं समजा. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, वायफायची काही गुपितं, प्रमाणपत्रं तिच्यात कुलूपबंद. पेटीची किल्ली तुमच्या पासवर्डपासून बनते. तुम्ही स्वतः जुना पासवर्ड सांगून नवा ठेवता, तेव्हा विंडोज जुन्या किल्लीने पेटी उघडून नवं कुलूप घालतं. बाहेरून अ‍ॅडमिनने रीसेट केलं, तर जुना पासवर्ड कुणी सांगितलेलाच नसतो. पेटी असते तिथेच राहते, पण तिला उघडणारी किल्ली उरत नाही. गोंधळीराव, न वाचलेल्या इशाऱ्यात हेच लिहिलं होतं.

जुना पासवर्ड कधी आठवलाच, तर आत जाऊन पासवर्ड परत तोच ठेवून बघा. पेटी पुन्हा उघडण्याची आशा असते.

गोंधळी

वडिलांना विचारलं. म्हणाले, आठवला असता तर तुला हाक कशाला मारली असती.

मोकळी_खिडकी

लिनक्सवाल्यांची हजेरी. उबुंटूत हाच प्रकार थोड्या वेगळ्या रूपात आहे. रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलला की आत शिरता येतं, पण 'कीरिंग' (तिकडची तीच गुप्त पेटी) जुनाच पासवर्ड मागत बसतो. आपोआप लॉगिन ठेवणाऱ्यांनाही तो ब्राउझर उघडताना पासवर्ड विचारतो, कारण लॉगिनच्या वेळी कुणी तो टंकलेलाच नसतो. लोक वैतागून कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवतात. मीही ठेवला होता. सांगायला लाज वाटते, पण ठेवला होता.

तिळा

पिनबद्दल कुणी बोललं नाही. चार आकडी पिन लांब पासवर्डपेक्षा सुरक्षित कसा असेल? आणि परवा मी पिन चार वेळा चुकवला, तर पडद्यावर आलं की 'ए१बी२सी३' असं टंका. मला वाटलं व्हायरस आला, थेट वायर काढली.

टकटक

व्हायरस नाही, ते विंडोजचंच आहे. कळफलक बिघडलाय का, किंवा मांजर बसलंय का, एवढंच बघायचं असतं त्याला.

पिन फक्त त्याच एका संगणकावर चालतो. तो इंटरनेटवरून कुठे जात नाही, आत टीपीएम नावाची चिप असते तिच्याशी बांधलेला असतो, आणि जास्त चुकला तर चिपच अडवते. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मात्र जगातल्या कुठल्याही संगणकावरून चालतो. म्हणून रोज दहा जणांसमोर टंकायला पिन बरा. हवी तर पिनमध्ये अक्षरंही ठेवता येतात.

तोटा असा की दोन वर्षं पिनच वापरला की मूळ पासवर्ड डोक्यातून पुसला जातो. मी स्वतः त्यातून गेलोय. पडताळणीचा निरोप ज्या फोन नंबरवर जाणार होता तो नंबरही केव्हाच बंद झालेला. आज जेवायच्या आधी प्रत्येकाने आपल्या खात्यात कुठला नंबर आणि कुठला दुसरा ईमेल नोंदलेला आहे ते बघून या. धागा कुठे पळून जात नाही.

तिळा

बघितलं. मी सोडलेल्या नोकरीतला ईमेल निघाला. 😳

मीठमिरची

मग ती दोन टप्प्यांची पडताळणी? फोनवरच्या अ‍ॅपमधला सहा आकडी कोड. माझा मध्यंतरी आठवडाभर चालतच नव्हता.

कळफलक

फोनचं घड्याळ हाताने पुढे-मागे केलं होतं का? तो कोड कुठून येत नाही, फोनमध्येच बनतो. एक गुपित, जे क्यूआर दाखवला तेव्हा फोनने घेतलं, आणि आत्ताची वेळ. यांच्या हिशोबातून दर ३० सेकंदांना नवा. म्हणून नेट नसतानाही चालतो आणि घड्याळ चुकलं की चालत नाही. वेळ 'आपोआप' वर ठेवा.

फोन बदलायच्या आधी ते गुपित नव्या फोनवर न्यावं लागतं. जुना फोन पुसून दिला आणि मग आठवलं, असं झालेले निदान तिघे माझ्याच ओळखीत आहेत. पडताळणी चालू करताना दहाएक राखीव कोड देतात, ते कागदावर उतरवा. त्याच संगणकावर त्याचा फोटो ठेवू नका.

जुनाजाणता

कागदावर लिहायचं? आम्हाला तर शिकवलं होतं की पासवर्ड कधीही लिहू नये.

कळफलक

कार्यालयातल्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवू नये, हे खरंच. पण घरच्या कपाटातली वही परदेशात बसलेल्या भामट्याला दिसत नाही. घरात कोण येतं-जातं ते तुम्हाला माहीत असतं. मी तर वहीच्या बाजूचा आहे.

अवांतर_एक्सप्रेस

अवांतर: पासवर्ड पहिल्यापासूनच घात करत आलाय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या दशकात सीटीएसएस नावाची प्रणाली होती, अनेक जण एकच संगणक वापरायचे, म्हणून तिथे पासवर्ड आले. १९६६ मध्ये एकाच वेळी दोन फायली संपादित होत असताना त्यांची अदलाबदल झाली. आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसली.

चालू द्या.

रात्रपाळी

सांजवारा ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

एक वेगळं अ‍ॅडमिन खातं बनवा, ज्यात रोज कुणी बसणार नाही. त्यात एकदा शिरून पासवर्ड चालतो याची खात्री करा, आणि *मगच* 'घर' खातं साधं करा. हा क्रम उलटा करू नका. बाबा आणि भाऊ यांना आपापली साधी खाती. फायदा असा की आत्ता काहीही बसवताना 'हो की नाही' एवढंच विचारतात आणि बोट सवयीने 'हो' वर जातं. साध्या खात्यात तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात. तेवढ्या दहा सेकंदांत माणूस विचार करतो. उठताना विंडोजची कळ आणि एल, पडदा बंद. खाती सेटिंगमधूनच बनवा. काळ्या खिडकीत 'नेट युजर'ची आज्ञा देऊन बनवली तर ४२ दिवसांनी 'पासवर्डची मुदत संपली' असं दाखवतं आणि लोक घाबरतात.

शेवटचं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित: सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला असेल तर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. चांगलंच आहे, चोराला डिस्क वाचता येत नाही. पण एखाद्या दिवशी बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट झाल्यानंतर निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर तुम्हीही चोराच्याच रांगेत. ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा शिरलात त्या खात्यात साठवलेली असते. काढा आणि कागदावर उतरवा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. गंमत म्हणजे प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, उतरवताना चूक झाली तर कळावी म्हणून.

सांजवारा

चार दिवसांनी येते आहे, अहवाल देते.

अ‍ॅडमिन खातं झालं, तिघांची तीन साधी खाती झाली. भावाची पहिल्याच संध्याकाळी तक्रार: खेळ अपडेट करायला दर वेळी मला हाक मारावी लागते. मी म्हटलं, मार. ईमेलला दोन टप्पे लावले, राखीव कोड वहीत. भाषेची क्रमवारी बदलून इंग्रजी वर आणली.

एन्क्रिप्शन चालू निघालं! संगणक आणला तेव्हा भावाने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करून दिला होता आणि नंतर लोकल केला होता. म्हणजे घरच्या डिस्कची किल्ली इतके दिवस त्याच्या खात्यात, आणि त्याला पत्ताच नाही. त्याने वाचून दाखवली, मी वहीत उतरवली.

मग बाबांनी वही मागून घेतली. त्यांना रात्रपाळींचा अकराचा मुद्दा फार आवडला होता. चष्मा लावून बसले आणि एकाआड एक आकड्यांच्या बेरजा घेऊन वजाबाकी करत एकेक गट तपासायला लागले. (खरे आकडे देत नाही, पण समजा २७४५३८: दोन, चार, तीन यांची बेरीज नऊ, सात, पाच, आठ यांची वीस, फरक अकरा, म्हणजे पास.) सहाव्या गटाशी थांबले. "हा जात नाही," म्हणाले. भाऊ म्हणाला, तुमचंच चुकलं असेल. पुन्हा पडद्याशी ताडलं, तर शेवटचा ८ मी ३ लिहिला होता.

वही आता बाबांच्या ताब्यात आहे. मला बघायची असेल तर मागावी लागते.